दुपट्ट्याखालची बोली

आदिलाबादजवळच्या मावला गावाच्या रस्त्यावर पुन्हा कापूस उडायला लागला आहे. टेम्पोवर तो एवढा रचलेला असतो की टेम्पो दिसतच नाही, पांढरा ढीग आपल्या पायांनी बाजाराला निघालाय असं वाटतं. बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, आमच्या फाटकाच्या कडीला पुंजके अडकतात. शाळेत पोचेपर्यंत एखादा माझ्या अंबाड्यातही शिरतो आणि चौथीची मुलं "मॅडम, कापूस!" म्हणून ओरडतात. सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. दुपारी मात्र अंगणात असं ऊन पडतं की एकदा बसलेलं माणूस उठत नाही. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, परातीत ओतायच्या आणि सोलत बसायचं. या दिवसांत आदिलाबादच्या माणसाला कुणी स्वर्गाचं तिकीट दिलं, तर तो म्हणेल, थांबा जरा, संक्रांत झाली की निघू.

आणि या दिवसांत माझा मोबाइल टुणकन वाजला की मी अजूनही दचकते.

त्याचं कारण तीन वर्षांपूर्वीचा असाच कापसाचा हंगाम. त्या हंगामात मी, कोथिंबिरीच्या जुडीपायी दोन रुपयांवरून भांडणारी बाई, दहा दिवस ऑनलाइन लिलावात उतरले होते. वस्तू एकच हवी होती. एक जुनी हार्मोनियम, म्हणजे आमच्या भाषेत पेटी. आणि ती माझ्यासाठी नव्हती, बांसाठी होती.

आमच्या वडिलांना आम्ही बा म्हणतो. आजा लोकांच्या शेतात राबला. बांनी मात्र तरुणपणीच विळा ठेवला आणि बैलबाजारात दलाली धरली. कापसाचा पैसा लोकांच्या हातात आला की बैलबाजार तापायचा. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे. धूळ, शेण, कडबा, भज्यांचा वास, आणि त्या सगळ्या गोंगाटात दोन माणसं एकदम गप्प उभी. दोघांचे हात एका दुपट्ट्याखाली. भाव तोंडानं बोलायचाच नाही. एक बोट दाबलं की एक, तीन दाबली की तीन, सगळा पंजा उघडला की पाच. शेकड्यात की हजारात, तेवढं आधी ठरलेलं. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. पटलं की दुपट्टा उडवायचा आणि उघड्या पंजावर टाळी द्यायची. झाला सौदा. त्याआधी जनावराच्या दोराला हात लावला तर बा खवळायचे. "सौद्याबिगर मालाले हात लावू नये," हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम, दलालानं एकाचं बोट दुसऱ्याला सांगू नये, मग तो दुसरा सख्खा भाऊ का असेना.

बा बोटांवरून माणूस वाचायचे. एकदा घरी परतताना मला म्हणाले होते, "खोटं बोलनाऱ्याची दाबलेली बोटं नको पाहू बेटा. मिटलेली पाह्य. ते लय घट्ट राह्यते." मी तेव्हा आठ वर्षांची होते, मला काही कळलं नाही. पण वाक्य लक्षात राहिलं.

त्याच बोटांनी ते संध्याकाळी विहारातल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. शिकवायला कुणी नव्हतं, ऐकून ऐकून हात बसलेला. मला त्यांच्या शेजारी बसून भाता ओढायला मिळायचा, आणि मला वाटायचं, गाणं मीच वाजवतेय.

मग ती पेटी मुधोळला गेली.

तिथल्या एका लग्नासाठी भाऊनं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, बांना न विचारता दोस्तांना दिली. तेव्हा तो कॉलेजात होता आणि दोस्तीत त्याला काहीच जड नव्हतं. लग्न झालं, वऱ्हाड परतलं, पेटी काही परतली नाही. याच्याकडे आहे, त्याच्याकडे आहे, करत करत वर्षं गेली. बा भाऊला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्यानंच तो जास्त कोळपला. पुढे आमच्या घरात ती म्हणच पडली. कुणाची छत्री हरवली की "मुधोळला गेली." उसनं दिलेलं पातेलं परत आलं नाही की "मुधोळला गेलं." सगळे हसायचे. भाऊ पण हसायचा, पण लगेच उठून पाणी प्यायला जायचा.

आता भाऊ भैंसा गावी कारकून आहे, मी इथं मराठी शाळेत मास्तरीण. बा एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. त्या हंगामात ते माझ्याकडे आले तेव्हा मी पाहिलं, त्यांना शर्टाची गुंडी लागत नव्हती. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बोटं आखडत चालली आहेत, हलती ठेवा, चेंडू दाबायला द्या. मी रबरी चेंडू आणून दिला. बांनी दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला दिला. म्हणाले, "हे का काम हाय का?"

मला तेव्हाच सुचलं. या बोटांना काम पेटीच देईल. पण आता, बोटं आहेत तोवर. पुढच्या हंगामापर्यंत ती साथ देतील याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती.

नवी पेटी माझ्या ऐपतीबाहेर नव्हती, पण नवी पाहिली की बा म्हणाले असते, परत कर. त्यांना नव्या वस्तूंचा संशय येतो. आमच्या शाळेतल्या लक्ष्मी मॅडम तेलुगू शिकवतात. जुनी पितळी भांडी लिलावात घ्यायचा त्यांना नाद आहे. त्यांनी माझ्या मोबाइलवर ते ॲप घालून दिलं आणि तिसऱ्याच दिवशी मला पेटी दिसली. सागवानी, दोन पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, भाता शाबूत. सुरुवात दीड हजाराला. लिलाव संपणार रविवारी दुपारी साडेचारला.

मी लगेच बोली लावायला बोट पुढे केलं तर लक्ष्मी मॅडमनी माझा हातच धरला. "वद्दु, वद्दु! मेडम, इतनी जल्दी क्यों?"

मग मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, त्यांनी मला ती विद्या शिकवली. विकणारे काय मागतात ते बघायचं नाही, अशाच पेट्या खरोखर कितीला गेल्या ते बघायचं. कुरिअरचा खर्च आधीच धरायचा, नाहीतर वस्तू स्वस्त आणि येणं महाग. मागच्या बाजूचा फोटो मागायचा, कारण पुढून सगळंच चांगलं दिसतं. आपला शेवटचा आकडा घरी, डोकं थंड असताना ठरवायचा आणि लिहून ठेवायचा. तोही गोल धरायचा नाही, कारण गोल आकड्यावर सगळेच अडतात, आपण वर अकरा रुपये ठेवले की पुढे निघतो. आठवडाभर गप्प बसायचं, शेवटच्या काही मिनिटांतच तोंड उघडायचं, म्हणजे कुणाला ईर्ष्या चढायला वेळ मिळत नाही. आणि हरलो तर चहा करून प्यायचा. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी ऐकत होते आणि मला हसू येत होतं. यातलं नवं काय होतं? बा हेच सांगायचे. उपाशीपोटी बाजारात जाऊ नये. आवडलेल्या बैलाकडे सारखं पाहू नये. भाव घरून ठरवून निघावं. फक्त तिथं दुपट्टा होता, इथं काच.

म्हणून आकडा ठरवायला मी बांकडेच गेले. ते उन्हात बसले होते. मी शेजारी बसले, त्यांचा दुपट्टा आमच्या हातांवर ओढला आणि म्हणाले, "बा, एक वस्तू घ्यायची हाय. कोनती ते इचारू नका. तीनाच्या आसपासची हाय. रविवारी साडेचारले हर्रास संपते. कुठवर जाऊ?"

लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात. तो शब्द ऐकल्यावर बांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जुनी चमक आली.

"कोनाले बोलली?"

"कोनालेच नाई. तुमीबी बोलू नका."

दुपट्ट्याखाली त्यांनी माझी चार बोटं दाबली. हळू, कारण बोटं नीट वळत नव्हती. मग अंगठा माझ्या मनगटावर ठेवला आणि घट्ट धरला. ही त्यांची जुनी खूण. इथं थांब, यापुढे उठून जाय. चार हजार.

बुधवारी भाऊ कचेरीच्या कामानं आदिलाबादला आला होता, तेव्हा घरी डोकावला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. खिडकीतून पाहिलं तर तो बांच्या शेजारी बसलेला आणि दोघांच्या हातांवर दुपट्टा. मला भरून आलं. बाप्पा, बांचे हात गार पडतात म्हणून ऊब देतोय! मनात म्हटलं, माझा भाऊ सुधारला. त्या दिवशी मी त्याला भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली. ते तूप आजही मला आठवतं.

रविवार उजाडला. सकाळपासून मी तीनदा फरशी पुसली. चार वाजता बांना अंगणात खुर्ची टाकून दिली, समोर शेंगांची परात ठेवली आणि आत येऊन बसले. हातावर बॉलपेननं चारचा आकडा लिहिला, परीक्षेला मुलं लिहितात तसा. ॲपवर कुणाचं नाव दिसत नाही, नुसते नंबर. सुरुवातीला पाच-सहा जण होते. अडीच हजाराला सगळे उठून गेले. उरला एकच. सात नंबर.

मी त्याचं पुरतं चित्र डोळ्यांपुढे आणलं होतं. हैदराबादचा कुणी शौकीन असणार. वातानुकूलित दिवाणखाना, पेटी कोपऱ्यात ठेवून वर फुलदाणी ठेवणार. वाजवणार कुणी नाही. मला त्या फुलदाणीचाच जास्त राग आला.

साडेचारला पाच मिनिटं असताना मी तीन हजार अकरा टाकले. सातनं बत्तीसशे केले. मी पस्तीसशे अकरा. त्यानं अडतीसशे. मी चार हजार अकरा टाकले आणि हात आवरला. घड्याळ संपत आलं होतं. आणि शेवटच्या काही सेकंदांत टुणकन वाजलं. एक्केचाळीसशे.

त्या ॲपची एक खोड आहे. शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ दोन मिनिटं पुढे ढकलतात. ही दोन मिनिटं वाईट. माणसाचा आकडा संपलेला असतो आणि हट्ट सुरू झालेला असतो. मनगटावर बांचा अंगठा मला अजून लागत होता. पण मी स्वतःला म्हटलं, शंभराचा तर प्रश्न आहे. मग आणखी शंभराचा. प्रत्येक वेळी प्रश्न शंभराचाच असतो, म्हणून तर माणूस बुडतो. मी बेचाळीसशे. त्यानं चव्वेचाळीसशे, मी पंचेचाळीसशे. त्यानं अठ्ठेचाळीसशे. मी एकोणपन्नासशे टाकले तेव्हा माझे कान तापले होते. सात नंबरनं पाच हजार केले.

दोन मिनिटं होती. माझं बोट उचललेलं होतं. सहज बाहेर नजर गेली. बा एक शेंग सोलायचा प्रयत्न करत होते. ती बोटांतून निसटली. त्यांनी ती मांडीवरून उचलली, पुन्हा निसटली. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना, आणि शेंग तशीच सालासकट तोंडात घातली.

मोबाइल टाकून मी बाहेर गेले. त्यांच्याजवळ बसून मूठभर शेंगा सोलल्या, दाणे त्यांच्या ओंजळीत दिले. "थंडी वाढली व," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आत आले तेव्हा लिलाव संपला होता.

लक्ष्मी मॅडमच्या नियमाप्रमाणे मी चहा केला. त्यात साखर घातली की नाही ते आठवत नाही, रडत होते एवढं आठवतं. पेटी गेली याचं नव्हतं. ती शेंग निसटताना मी पाहिली होती आणि पेटी मात्र फुलदाणीखाली जाणार होती, त्याचं रडू होतं.

पुढच्या रविवारी फाटकाशी ऑटो थांबला. भाऊ उतरला आणि त्यानं नि ऑटोवाल्यानं मिळून एक खोकं उतरवलं. भाऊच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. खोकं अंगणात ठेवून तो मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि दार लोटलं.

"कुंदे, पेटी आनली बांसाठी! हर्रासात घेतली, मोबाइलवर. अवं, एक बारा नंबर होता, काय जिद्दीचा मानूस! सोडेच ना. मी म्हटलं, कोनी पैसेवाला शेठ हाय, पेटीवर कुत्र्याचं पिल्लू झोपवंल. पन नाई देल्ली त्याले!"

मी मोबाइल काढला आणि माझ्या बोल्यांचा पडदा त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं वाचलं.

"तू बारा नंबर?"

"आन तू सात!"

आम्ही ओट्याला टेकून इतके हसलो की डब्यांची झाकणं वाजली. बाकी सगळे अडीच हजाराला उठून गेले होते. पुढचे अडीच हजार आम्ही दोघा बहीणभावांनी एकमेकांच्या डोक्यावर चढवले होते, आणि लांबच्या कुठल्यातरी विकणाऱ्याला दिवाळी घडवली होती. हसता हसता भाऊ एकदम थांबला.

"कुंदे, बांनी मले चारच सांगतले होते. मी पाचवर गेलो."

"मलेबी चारच."

दोघांनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं. बुधवारचा तो दुपट्टा आता कुठे माझ्या डोक्यात उलगडला. मी तूप सोडत होते तेव्हा तिथं ऊब नव्हती, बोली चालली होती.

तरी पाच हा आकडा बांना सांगायचा नाही, असं आमचं ठरलं. उभा जन्म दुसऱ्यांचे सौदे करणाऱ्या माणसाच्या पोरांनी स्वतःलाच लुटलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तीन सांगू. तीनाला मिळाली म्हटलं की बा खूश.

बाहेर आलो तर बांनी ऑटोवाल्याकडून खोकं उघडून घेतलं होतं. पेटी उन्हात होती. ते तिच्या समोर मांडी घालून बसले होते, पण हात मांडीवर. एका पट्टीलाही त्यांनी बोट लावलं नव्हतं.

"बा, वाजवा ना," मी म्हटलं.

ते हलले नाहीत.

भाऊनं घसा खाकरला. "बा, तुमाले ठाव होतं का? आमी दोघंबी एकाच मालावर होतो म्हून?"

"व्हय. दोघायनं सांगतलं, रविवार, साडेचार. बजार एकच असंल ना."

"मंग सांगतलं काऊन नाई?" मी जवळजवळ ओरडलेच.

बांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी भर बाजारात काही वावगं बोलले. "दलाल एकाचं बोट दुसऱ्याले सांगते का? म्हून दोघायले चारच देल्ले. कोनीबी घेतली असती तरी चारातच आली असती."

भाऊ आपल्या चपलांकडे बघत होता. बांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "कितीले पडली? सौद्याबिगर मालाले हात लावू नये."

मी भाऊकडे पाहिलं. मग दुपट्ट्याखाली हात घातला. बांचा हात वाट बघत होता, गार, खडबडीत. मी तीन बोटं त्यांच्या मुठीत दिली. करंगळी आणि अंगठा मिटून घेतले.

बांनी ती तीन बोटं धरून ठेवली. दाबली नाहीत. त्यांचा अंगठा पुढे सरकला आणि माझ्या मिटलेल्या बोटांवर येऊन थांबला. तेव्हा मला कळलं, मी ती किती घट्ट मिटली होती. आठ वर्षांची असताना ऐकलेलं ते वाक्य मला आठवलं, पण आता उशीर झाला होता. त्यांच्या आखडलेल्या बोटांनी माझी करंगळी सोडवली. चार. तिथं ते जरा थांबले, मी काही बोलते का ते बघायला. मग माझा अंगठा सोडवायला घेतला. त्यांना वेळ लागला. शेंगेसारखा तो दोनदा निसटला. पण त्यांनी सोडला नाही, आणि शेवटी माझा पंजा त्यांच्या हातात सगळा उघडा होता.

मला वाटलं, आता रागावतील. बांनी दुपट्टा उडवला आणि माझ्या उघड्या पंजावर अशी टाळी दिली की तळवा झिणझिणला.

"झाला सौदा," ते म्हणाले. "बस, भाता ओढ."

मी शेजारी बसले आणि भाता ओढला. त्यांनी बोटं पट्ट्यांवर ठेवली. पहिला सूर नीट निघाला, दुसरा चुकला, तिसऱ्याला बोट पोचलंच नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. चौथ्या वेळी विहारातल्या त्या जुन्या गाण्याची पहिली ओळ लंगडत लंगडत पुरी झाली. भाऊ फाटकाशी पाठ करून उभा होता, पाणी प्यायला जायचं विसरून. बांनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त मान वर केली आणि त्याला हाक मारली.

"इकडं ये रे. आली पाह्य, मुधोळहून."